पांढरीखालचे साक्षीदार

इनामगावात पुरलेल्या मोठ्या माणसांना पावलं नव्हती. डोकं उत्तरेला, अंग उताणं आणि सरळ, बाजूला दोन-चार मडकी. आणि नडग्या जिथे संपतात तिथे माणूसही संपलेला. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९६८ पासून पुढे बारा-पंधरा वर्षं हंगामामागून हंगाम खणलं. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर आणि झैनुद्दीन अन्सारी या तिघांची नावं अहवालावर आहेत. सव्वाशेहून अधिक घरं उघडी झाली आणि त्या घरांच्या जमिनीखालून, अंगणातून तीन हजार वर्षांपूर्वीची माणसं वर आली. लहान मुलं दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडं एकमेकांना लावून आडवी ठेवलेली. मोठी माणसं खड्ड्यात, पावलांविना.

पावलं का कापली असतील? मेलेला माणूस उठून चालायला लागू नये, भूत होऊन हिंडू नये, घर सोडून जाऊ नये, असा खुलासा उत्खनन करणाऱ्यांनी दिला. तो लगेच सर्वमान्य झाला. पाठ्यपुस्तकांत गेला, संग्रहालयांच्या फलकांवर गेला, सहलीला नेणाऱ्या मास्तरांच्या तोंडी बसला. तो इतका सहज का पटला, याचं कारण आपल्याकडेच आहे. भुताची पावलं उलटी असतात हे आपण आजीच्या मांडीवर ऐकलेलं आहे; उत्तरेला डोकं करून झोपू नये हेही. इनामगावचा सांगाडा बघताना मराठी माणसाच्या मनात खुलासा आधी येतो आणि हाडं मागाहून दिसतात. मला संशय येतो तो नेमका इथे. जो पुरावा आपल्या ओळखीचं बोलतो त्याची उलटतपासणी आपण करत नाही.

हे थेरगावात बसून लिहिताना एक विरोधाभास डोळ्यांसमोर असतो. पवनेच्या पलीकडच्या काठावर चिंचवडगावात मोरया गोसावींची समाधी आहे. तिथे नाव आहे, गुरुपरंपरा आहे, मार्गशीर्षातला उत्सव आहे, वाड्याची आणि देवस्थानाची कागदपत्रं आहेत. समाधीच्या सालाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही, पण म्हणून कुणी तिथे कुदळ लावायला जाणार नाही आणि जाऊही नये. घोड नदीच्या काठावर सगळं उलटं. देह आहे, नाव नाही, भाषा माहीत नाही, देव माहीत नाही, एक अक्षर लिहिलेलं नाही. पवना आणि घोड दोन्ही शेवटी भीमेलाच मिळतात. पण पवनाकाठच्या समाधीबद्दल बोलताना आपण जपून बोलतो, आणि घोडकाठच्या निनावी माणसाबद्दल मात्र त्याच्या मनात काय होतं तेसुद्धा बेधडक सांगतो.

आपल्या गावगाड्यात जमिनीचे दोन भाग: काळी आणि पांढरी. काळी म्हणजे रान, पांढरी म्हणजे वस्ती. पिढ्यान्‌पिढ्यांची राख, शेण, कोसळलेल्या भिंतींची माती साचून गावठाणाखाली पांढरट थर चढतात, टेकाड होतं. महाराष्ट्रातल्या बहुतेक जुन्या वस्त्या अशा पांढरीच्या टेकाडांतच सापडल्या. थेरगावसारख्या ठिकाणी आता जुन्या घराच्या जागी सहा मजले चढतात. जेसीबी एका दिवसात मुरमापर्यंत पोचतो, आणि मधल्या मातीत काय होतं हे ट्रकमध्ये भरून निघून जातं. त्याबद्दल हळहळ वाटते हे खरं. पण उत्खननही तेच करतं, फक्त हळू आणि वही हातात धरून. एकदा उचललेला थर पुन्हा मांडता येत नाही. पुढच्या पिढीला पुरावा म्हणून मिळते ती माती नव्हे. मिळतात त्या वहीतल्या नोंदी, नकाशे, छायाचित्रं आणि क्रमांक घातलेल्या खोक्यांतली हाडं.

दफनाच्या बाबतीत ही अडचण आणखी बिकट. मडकं फुटून घरात पडलं तर ते आपल्या काळाच्या थरात पडतं. माणूस पुरायचा तर खड्डा खणावा लागतो, आणि खड्डा वरच्या काळातून खालच्या काळात उतरतो. इनामगावात तीन कालखंड एकावर एक आहेत: इसवीसनपूर्व १६०० च्या सुमाराची माळवा वस्ती, मग १४०० ते १००० पूर्व जोर्वे, मग १००० ते ७०० उत्तर जोर्वे. उत्तर जोर्वे काळातल्या आईने आपल्या झोपडीची जमीन उकरून तान्हं मूल पुरलं, तर ते मूल पूर्व जोर्वे काळाच्या मातीत जाऊन निजतं. खड्ड्याचं तोंड कोणत्या जमिनीवर उघडतं हे खोदणाऱ्याला दिसलं, तर कालनिर्णय बरोबर. ते तोंड सारवणाच्या थरात हरवलं, किंवा संध्याकाळच्या घाईत मजुराच्या कुदळीखाली गेलं, की ते मूल तीनशे वर्षं आधी मरतं. कार्बन-१४ची चाचणी इथे सोडवायला येतेच असं नाही. खड्डा भरताना लोटलेल्या मातीत जुन्या चुलीचा कोळसाही असतो. चाचणी त्या कोळशाचं वय सांगते, मुलाचं नाही.

यात घुशी आणि उंदरांची भर. पांढरीची माती भुसभुशीत, तिच्यात बिळं करणं सोपं. इराकमधल्या शनिदर गुहेत राल्फ सोलेकी यांना निअँडरथल माणसाच्या सांगाड्याभोवती फुलांचे परागकण सापडले आणि माणसाच्या त्या जुन्या भावंडाने मृताला फुलं वाहिली, ही गोष्ट जगभर झाली. पुढे शंका निघाली की तिथे बिळं करणारे उंदीरवर्गी प्राणी फुलं साठवतात. आणि २०२३ मध्ये एका संशोधकगटाने जमिनीत घरटी करणाऱ्या मधमाश्यांकडे बोट दाखवलं. फुलं खरी होती. ती वाहणारा माणूस मात्र आपण आणून उभा केला होता.

दख्खनमधली थडगी उकरण्याची हौस तशी जुनी. नागपूरजवळच्या जुनापाणीची शिळावर्तुळं एकोणिसाव्या शतकात रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने खणली आणि १८७९ मध्ये त्यावर लिहिलं. दगडांवरच्या वाटीसारख्या खळग्यांत त्याला युरोपातल्या खळग्यांशी साम्य दिसलं. परक्या देशात आपलं ओळखीचं काही दिसलं की साहेबाला हर्ष होई. शास्त्रशुद्ध थरवाचन भारतात रुजवलं ते मॉर्टिमर व्हीलर यांनी, १९४४ नंतर. आपल्याकडच्या पुरातत्त्वज्ञांची एक पिढी त्यांच्या शिस्तीत घडली. पण याच व्हीलरनी मोहेंजोदडोच्या गल्ल्यांत आणि घरांत अस्ताव्यस्त पडलेले सांगाडे पाहून आर्यांनी केलेल्या कत्तलीची गोष्ट सांगितली आणि थेट इंद्रालाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. १९६४ मध्ये जॉर्ज डेल्स यांनी दाखवलं की ते सांगाडे एका दिवसाचे, एका थराचेही नाहीत. नंतर केनेथ केनेडी यांनी हाडं तपासली, तेव्हा शस्त्राच्या जखमा म्हणून सांगितलेल्या बऱ्याच खुणा टिकल्या नाहीत. थर कसा वाचायचा हे ज्याने शिकवलं, त्याचाच पाय गोष्टीत अडकला. कत्तल तरीही अजून पुस्तकांत सापडते, कारण खंडन कधीच गोष्टीइतकं रंगत नाही.

नेवाशाचं उत्खनन हे महाराष्ट्राच्या पुरातत्त्वातलं मोठं पर्व. प्रवरेच्या काठचं लाडमोड टेकाड, ज्ञानेश्वरांच्या गावातलं. सांकलिया आणि त्यांचे सहकारी १९५४ ते १९५६ मध्ये तिथे खपले, नंतर पुन्हा आले. तिथल्या एका बालदफनात मुलाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि मण्यांच्या पोटात दोऱ्याचे अवशेष. तांब्याच्या गंजाने ते कुजू दिले नव्हते. वस्त्रतंतूंचे जाणकार गुलाटी यांनी ते तपासून सांगितलं की त्यात कापूस आहे आणि रेशीमही. चाकण ओलांडून नाशिक रस्त्याने मंचरच्या बाजूला गेलं की घोड नदीकाठी चांडोली लागते. तिथे १९६० मध्ये शां. भा. देव आणि अन्सारी यांनी खणलं, आणि तिथल्या अशाच माळेचा दोरा जवसाच्या झाडाचा निघाला. इसवीसनापूर्वी हजार-दीड हजार वर्षं महाराष्ट्रात रेशीम? पुष्कळांना ते पचलं नाही. पण २००९ मध्ये हडप्पा आणि चन्हुदडो इथल्या वस्तूंत जंगली रेशमाचे धागे ओळखले गेल्याचं प्रसिद्ध झालं, आणि नेवाशाचा तो दोरा एकाएकी एकटा राहिला नाही. संशय घेणाऱ्याने हेही लक्षात ठेवावं की कधी कधी टिचभर दोरा खरं बोलत असतो आणि आपण त्याला वेड्यात काढत असतो. फरक इतकाच की दोऱ्याबद्दलचं विधान दोऱ्यापुरतं होतं. कुणी त्यावरून मुलाच्या बापाची जमीन मोजली नव्हती.

मोजमापांवरून आठवलं. नेवाशाच्या १९६० च्या अहवालावर सांकलिया, देव आणि अन्सारी यांच्याबरोबर चौथं नाव आहे सोफी एअरहार्ट यांचं. सांगाडे त्यांनी अभ्यासले. या बाई जर्मन मानववंशशास्त्रज्ञ. नाझी राजवटीत रोबेर्ट रिटरच्या वंशशुद्धी कार्यालयात काम केलेल्या, सिंती आणि रोमा लोकांची मोजमापं घेणाऱ्या. त्या मोजमापांचा उपयोग पुढे कशासाठी झाला हे जगाला माहीत आहे. युद्धानंतर त्या ट्यूबिंगेनला प्राध्यापक झाल्या आणि प्रवरेच्या काठची हाडं त्यांच्या हाती आली. त्यांचे नेवाशाचे आकडे चुकले होते असं मी म्हणत नाही. हाडाची लांबी मोजणारा पापी असो वा पुण्यवान, पट्टी तेवढीच. पण कवट्यांचे वर्ग कोणते पाडायचे, कुठली रुंदी कुठल्या वंशाची मानायची, हे पट्टीवर लिहिलेलं नसतं.

याच शास्त्राच्या त्याच घरातून आपल्या इरावती कर्वे आल्या होत्या. १९२७-२८ च्या सुमारास त्या बर्लिनला गेल्या, ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली कवटीच्या असमानतेवर प्रबंध लिहिला. युरोपीय माणसाची कवटी अधिक असमान, कारण त्याची बुद्धी श्रेष्ठ, असा गुरूंचा होरा. कर्वेंनी कवट्या मोजल्या, त्यांत वसाहतींतून आणलेल्याही होत्या, आणि वंशाचा तसा काही संबंध नाही असं गुरूंच्याच देखत लिहून दिलं. तेवीस-चोवीस वर्षांच्या परदेशी मुलीने हे करायला किती छाती लागली असेल! आणि तरीही, १९४४ पासून गुजरातमधल्या लांघणज इथे सांकलियांबरोबर खणताना निघालेल्या सांगाड्यांचं वर्णन त्यांनी आणि कुरुळकरांनी केलं, तेव्हा त्यात आफ्रिकी वंशांची नावं आलीच, कारण त्या काळी हाडांना लावायला तीच लेबलं उपलब्ध होती. पुढे तीच हाडं एअरहार्ट आणि केनेडी यांनी पुन्हा तपासून १९६५ मध्ये वेगळं लिहिलं. हाडं खोक्यात तशीच होती. बदलली होती ती लेबलं.

आता पुन्हा घोडकाठी, कारण खरी गंमत तिथल्या एका रांजणात आहे. एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांचा, फुगीर पोटाचा कच्च्या मातीचा रांजण निघाला. आत साधारण चाळिशीतला पुरुष, पाय दुमडून बसवलेला. आणि त्याची पावलं शाबूत! शेजारी धान्याचं कोठार. घर मोठं, कोठार शेजारी, दफन वेगळं, पाय न कापलेले. म्हणून हा गावचा प्रमुख. म्हणून इनामगावात प्रमुखाची सत्ता होती. म्हणून तो कर गोळा करी आणि कोठारात भरी. ढवळीकरांचं लिखाण वाचताना ही साखळी इतकी गुळगुळीत वाटते की मधले सांधे कळत नाहीत. पहिल्या दोन कड्या माती आणि हाडांच्या आहेत. तिसरीपासून पुढे सगळं आपल्या पाटीलवाड्यावरून घेतलेलं आहे. वेगळ्या तऱ्हेने पुरलेला माणूस मोठाच असतो असं नाही. तो देवऋषी असू शकतो, जन्मतः अपंग असू शकतो, परगावचा असू शकतो, विजेने मेलेला असू शकतो. आपल्याकडे आजही संन्याशाला जाळत नाहीत, समाधी देतात. आणि तान्ह्या मुलालाही बहुधा पुरतातच. दोघांची दफनं शेजारी निघाली तर उद्याचा उत्खनक दोघांना एकाच पदावर बसवेल काय?

पुढे पुरातत्त्वज्ञ शीना पांजा यांनी तर गाव कायमचं वसलेलं होतं या गृहीतकावरच बोट ठेवलं; लोक हिंडत होते, जागा पुनःपुन्हा वापरली जात होती, असं त्यांचं वाचन. तसं असेल तर एका टेकाडावरची दफनं म्हणजे एका गावाची जनगणना राहत नाही.

पावलांकडे येऊ. ती खरंच कापली होती की नाही, हे भुतावर अवलंबून नाही, नडगीच्या खालच्या टोकावर अवलंबून आहे. पात्याने कापलेल्या ताज्या हाडावर अरुंद, तीक्ष्ण खाच पडते. पुरल्यावर शेकडो वर्षांनी तुटलेलं हाड खडूसारखं ओबडधोबड तुटतं आणि तुटल्या जागी रंग फिका असतो. पावलाची हाडं बारीक, माणशी पन्नासावर. ती नांगराने जातात, नंतरच्या खड्ड्याने जातात, घुशी नेतात. म्हणून एका सांगाड्याची पावलं नसणं हा काहीच पुरावा नव्हे. इनामगावात एकामागून एक सांगाडे घोट्याशीच संपतात, आणि तेही मोठ्यांचेच. इथे पुरावा घट्ट होऊ लागतो. कापण्याची रीत होती, इथपर्यंत मी ढवळीकरांबरोबर जायला तयार आहे. रीत कशासाठी, तिथे मी थांबतो. मेलेल्याने जाऊ नये म्हणून? की तो आपल्याकडेच राहावा म्हणून? भीती आणि माया दोन्ही त्याच खाचेत बसतात. घराच्या जमिनीखाली पुरणारे लोक मेलेल्याला भीत होते असं तरी कसं म्हणावं?

मग हवामानाचा प्रश्न आला, आणि वाद खऱ्या अर्थाने मुलांच्या हाडांवर गेला. ढवळीकरांची मांडणी अशी: इसवीसनपूर्व १००० च्या सुमारास पाऊस आटला, चौकोनी मोठी घरं गेली, गोल झोपड्या आल्या, शेती खालावली, लोक भटके झाले, ७०० च्या सुमारास वस्ती उठली. सांगाड्यांचा खंड जॉन लुकाच आणि सुभाष वाळिंबे यांनी १९८६ मध्ये काढला, उत्खननाच्या मुख्य अहवालाच्या दोन वर्षं आधी. पुढे त्यांनी मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवरचे खळगे मोजले. दाताचं कवच तयार होत असताना बाळ आजारी किंवा उपाशी असलं की तिथे खूण राहते. ती आयुष्यभर भरून येत नाही. अशा खुणांचा संबंध त्यांनी हवामान आणि उपजीविकेतल्या बदलाशी लावला, पण पुरातत्त्व एक सांगतं आणि दात वेगळं सांगतात की काय, हा प्रश्नही त्यांनीच उघडपणे विचारला.

इथे एक जुना पेच आहे. १९९२ मध्ये वुड, मिल्नर, हार्पेंडिंग आणि वाइस यांनी तो नीट मांडला. हाडावर आजाराची खूण उमटायला माणूस तो आजार सोसून काही काळ जगावा लागतो. जो लगेच मेला त्याचं हाड कोरं. मग खुणा असलेला सांगाडा दुबळ्याचा की चिवटाचा? खुणांनी भरलेली दफनभूमी रोगट गावाची, की रोगाला पुरून उरणाऱ्या गावाची? शिवाय दफनभूमीत जिवंत मुलं नसतात. तिथे हरलेलीच भेटतात. आणि इनामगावात तर मोठ्यांच्या मानाने मुलांची दफनं फार. मुलं फार मरत होती असं म्हणावं, की मुलांनाच घरात पुरायची रीत होती आणि बहुतेक मोठी माणसं नदीकाठी, चितेवर, रानात गेली असं म्हणावं? टेकाड फक्त घरात ठेवलेल्यांचीच साक्ष देतं.

ग्वेन रॉबिन्स शुग या अमेरिकी अभ्यासिकेने नेवासे, दायमाबाद आणि इनामगावच्या मुलांची हाडं पुन्हा हाती घेतली आणि २०११ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. मुलांची वाढ, वजनाचा अंदाज, जन्मदराचा हिशेब असा त्यांचा रोख. उत्तर जोर्वे काळात मुलांचे हाल झाले हे त्यांना दिसलं. पाऊस आटला म्हणून गाव उठलं, ही सरळ रेघ मात्र मान्य झाली नाही. वाद मिटला नाही आणि घाईने मिटूही नये. मला यात ढवळीकरांचा पराभव दिसत नाही. तीस-चाळीस वर्षांनी परक्या देशातून आलेल्या बाईला कुठलं मूल कुठल्या घराखालचं, कुठल्या थरातलं, हे शोधता आलं ते इनामगावच्या चमूने क्रमांक घातले, खोकी जपली, अहवाल जाडजूड काढला म्हणून. आपली गोष्ट मोडण्याचं साहित्य आपणच जपून ठेवणारं उत्खनन दुर्मीळ. दायमाबाद ते विदर्भातल्या माहूरझरीच्या घोड्यांपर्यंत किती ठिकाणी हे इतक्या तपशिलाने झालं, याचा हिशेब मांडायला बसलं की हुरूप मावळतो.

मोठ्यांच्या हाडांचं वाचनही काही पक्कं नसतं. तान्ह्या मुलाचं वय दातांवरून काही महिन्यांच्या फरकाने सांगता येतं. चाळिशीपुढच्या माणसाचं दहा-दहा वर्षं इकडेतिकडे होतं. मूल मुलगा की मुलगी हे हाडांवरून ठरवणं जवळजवळ जमत नाही, आणि मोठ्यांत कंबरेचं हाड मोडलेलं असलं की नजर शेजारच्या वस्तूंकडे वळते. स्वीडनमधल्या बिर्का इथे १८७८ मध्ये उघडलेलं थडगं तलवार, बाण आणि दोन घोडे पाहून सव्वाशे वर्षांहून अधिक काळ वीरपुरुषाचं मानलं गेलं. २०१७ मध्ये जनुकचाचणी झाली. ती बाई निघाली. त्यावर लगेच नवी गोष्ट रचली गेली, वीरांगनेची. तलवार तेव्हाही तिची होती की तिच्यासोबत ठेवली होती, हे जनुक सांगत नाही.

जनुकशास्त्र आलं आणि आता हाडंच बोलतील असं सगळ्यांना वाटलं. डेक्कन कॉलेजच्याच वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली हरियाणातल्या राखीगढीच्या दफनभूमीचं काम झालं. उष्ण, दमट मातीत जनुक टिकत नाहीत. ६१ नमुने तपासले, त्यांतल्या एकाने आशा दाखवली. एक स्त्री. त्या एकीच्या नमुन्यावर शंभराहून अधिक वेळा प्रक्रिया करून जेमतेम वाचता येईल इतका मजकूर मिळाला आणि सप्टेंबर २०१९ मध्ये निबंध प्रसिद्ध झाला. तिच्यात युरेशियाच्या गवताळ प्रदेशातल्या पशुपालकांचा अंश नाही, असं त्यात होतं. त्याच सुमारास दुसऱ्या नियतकालिकात आलेल्या मोठ्या निबंधात तो अंश इसवीसनापूर्वीच्या दुसऱ्या सहस्रकात भारतात आल्याचं होतं, आणि काही लेखक दोन्हीकडे सामाईक होते. दोन निबंध एकमेकांशी भांडत नव्हते. भांडण पत्रकार परिषदेत लागलं: आर्य आले की आलेच नाहीत. पुढचे कित्येक दिवस वाहिन्यांवर त्या एका बाईच्या नावाने दोन्ही बाजू जिंकत होत्या. ज्या साठ नमुन्यांतून काहीच निघालं नव्हतं, त्यांचा विषय कुणी काढला नाही.